दाद न देणारे जंतू आणि रुग्णाचे वर्तन : वऱ्हाडातून घेतलेला आढावा

कापसावर ज्याचा संसार चालतो अशा वऱ्हाडातील कोणत्याही शेतकऱ्याला, मग तो दर्यापूरकडचा असो, अकोटकडचा असो की मूर्तिजापूरकडचा, औषध लागू पडेनासे होणे म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. १९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके बाजारात आली तेव्हा एका फवारणीने हिरवी बोंडअळी जमिनीवर पडलेली त्याने पाहिली, आणि दहाएक वर्षांच्या आत तीच अळी तिसऱ्या-चौथ्या फवारणीलाही दाद देईनाशी झाली हेही त्यानेच पाहिले. पुढे २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली तिचा दुसरा अवतार आला, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भभर बोंडे आतून पोखरून टाकली. तेव्हा बियाण्याबरोबर मिळणारे १२० ग्रॅमचे नॉन-बीटीचे पाकीट आपण धुऱ्याकडेने पेरले नाही आणि हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेतली, या दोन्ही गोष्टींचा त्या नुकसानीशी संबंध आहे, हे तज्ज्ञांनी सांगितलेले त्याला समजायला फार वेळ लागला नाही.

हाच मनुष्य अंगात ताप भरला म्हणून दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला की मात्र अडाणी ठरतो. प्रतिजैविक औषधांना जंतू दाद देईनासे झाले आहेत याचा दोष वाटण्याची वेळ येते तेव्हा पहिला वाटा त्याच्या पदरात पडतो: तो गोळ्या अर्ध्यावर सोडतो, चिठ्ठीवाचून औषध घेतो, सुईसाठी हट्ट धरतो, असे सांगितले जाते. यातील एकही विधान खोटे नाही. परंतु ती सर्व एकत्र ठेवून, कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या शिकवणीने हे वर्तन घडले याची चौकशी केली म्हणजे रुग्णाची बाजू फार निराळी दिसू लागते. त्या चौकशीसाठी हा आढावा आहे.

रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची प्रथा पेनिसिलिनच्या जन्मापासूनची आहे. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात एक काल्पनिक गृहस्थ श्रोत्यांपुढे उभा केला. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, जंतू मरण्याइतके ते घेत नाही पण जंतू शहाणे होण्याइतके घेतो, मग ते जंतू पत्नीला देतो, आणि तिच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालत नाही म्हणून ती दगावते. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५४ साली, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि परदेशातून येणारे हे दुर्मीळ औषध देशी बनावटीचे होऊन तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचू लागले. फ्लेमिंग यांच्या गृहस्थाजवळ पैसा होता, औषधाचे दुकान होते, आणि बेफिकिरीही होती. वऱ्हाडातील रुग्णाजवळ या तिहींपैकी केवळ दुकान आहे.

त्या दुकानाविषयी थोडे तपशिलाने सांगणे अवश्य आहे, कारण वऱ्हाडात ‘मेडिकल’ हा शब्द औषधाच्या दुकानालाच लागतो आणि पुष्कळांच्या बाबतीत तेच पहिले आरोग्यकेंद्र असते. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी चालू असताना मजुराला ताप आला तर तालुक्याला जाऊन डॉक्टरची फी, तपासणी, औषधे आणि बुडालेली मजुरी असा चौपदरी खर्च सोसण्यापेक्षा फाट्यावरच्या मेडिकलवर थांबून ‘दोन टाइमची पुडी’ घेणे त्याला परवडते. त्या कागदी पुडीत निरनिराळ्या पट्ट्यांतून कापलेल्या तीन-चार गोळ्या एकत्र बांधलेल्या असतात: एक तापाची, एक अंगदुखीची, एक पित्ताची, आणि बहुधा एक प्रतिजैविकाची. चिठ्ठीवाचून घेऊ नये असे बजावणारी पट्टीवरची लाल रेघ, औषधाचे नाव, मुदत, यांपैकी काहीही त्या पुडीत उतरत नाही. आपण काय घेतले हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने ते अर्धवट घेतले असा ठपका त्याच्यावर ठेवणे मला न्यायाचे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, आणि तो बहुधा विषाणूचा असल्यामुळे पुडी न घेताही उतरलाच असता. श्रेय मात्र पुडीला जाते, आणि पुढच्या वेळी घरातील लेकराला ताप आला की पाऊल आपसूक तिकडेच वळते. “दोन गोयांतच आराम पडला, मंग उगाच कायले खाच्या?” हा प्रश्न पुढे येतो तो अनुभवातून. तो खोडून काढावयाचा तर अनुभवाच्याच भाषेत खोडला पाहिजे.

सुई आणि सलाइन यांच्यावरील लोकांच्या श्रद्धेचेही असेच आहे. “लेकराले एखादी सुई लावून द्या ना, डॉक्टरसाहेब,” हे आर्जव आपण नेहमी ऐकतो, आणि ते ऐकून डॉक्टर नाइलाजाने शक्तिमान प्रतिजैविक देतो असे सांगितले जाते. परंतु ही मागणी रुग्णाने जन्मतः बरोबर आणलेली नाही. दोन-तीन पिढ्या प्रत्येक दवाखान्यात ताप म्हणजे सुई हेच समीकरण त्याने पाहिले आहे. साध्या विडाल चाचणीच्या एका कागदावर वाटेल त्या तापाला ‘टायफाईड’ ठरवण्याची रीत आमच्याकडे इतकी रुळली आहे की तीन दिवसांच्या तापानंतर ‘रक्तात टायफाईड निघाला’ असे न सांगणारा डॉक्टर रुग्णाला अपुरा वाटतो. ज्या मुलखात हा रोग नेहमीच थोडाबहुत वावरतो तेथे या चाचणीचा एकटा निकाल विश्वसनीय नसतो, ही गोष्ट बाकावर बसलेल्या माणसाला कोणी सांगितलेली नाही. उलट, रुग्ण औषधाची जितकी अपेक्षा करतो असे डॉक्टर समजतो तितकी ती नसते, त्याला आपले नीट ऐकून घ्यावे आणि दुखणे कशाने झाले हे कोणी सांगावे एवढेच पुष्कळदा हवे असते, असे इतर देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. घाईच्या ओपीडीत हे सांगणे राहून जाते आणि त्याची भरपाई चिठ्ठीवर होते.

आता जंतू दाद का देत नाहीत याच्या मुळाशी थोडे गेले पाहिजे, कारण तेथे दोन निरनिराळ्या प्रक्रिया आहेत आणि रुग्णाला दोन्हींसाठी एकच उपदेश करण्याची चूक सर्रास होते. आपल्या आतड्यांत, घशात, कातडीवर असंख्य निरुपद्रवी जंतू नांदत असतात. घशाच्या विषाणुजन्य दुखण्यासाठी अझिथ्रोमायसिन घेतले तर विषाणूला त्याचा काही उपद्रव होत नाही, परंतु या नांदत्या जंतूंपैकी औषधाला भिणारे मरतात, न भिणारे उरतात व पसरतात, आणि आपली ती विद्या प्लाझमिड नावाच्या जनुकीय तुकड्यांतून शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंना देतात. पुढे कधी मूत्रमार्गाचा दाह किंवा बाळंतपणानंतरचा ताप उद्भवला तर आक्रमण करणारा जंतू या शिकवलेल्या वस्तीतलाच असू शकतो. शेतकऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर आतड्यातील भोळे जंतू म्हणजे बीटीला भिणारी अळी टिकून राहावी म्हणून धुऱ्यावर पेरावयाची नॉन-बीटीची ओळ होय. अळ्यांच्या पतंगांचा संकर होतो तसा जंतूंचा होत नाही, तेवढ्यापुरती ही उपमा लंगडी आहे, पण गरज नसताना न घेतलेली गोळी ही राखलेली ओळ असते ही गोष्ट तिने स्पष्ट होते. २०१९ सालच्या खाजगी बाजारातील विक्रीचा अभ्यास झाला तेव्हा देशात सर्वांत अधिक खपणारे प्रतिजैविक अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि त्याखालोखाल सेफिक्झिम असल्याचे आढळले. त्याच वर्षी जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

याच संदर्भात पाच-सहा वर्षांपूर्वीचा एक काळ आठवतो. २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाच्या दुसऱ्या लाटेची महाराष्ट्रातील पहिली चाहूल अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतच लागली व येथे पुन्हा टाळेबंदी आली, तेव्हा घरोघरी गोळ्यांचे संच साठवून ठेवलेले होते आणि त्यांत अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेच. ही औषधे करोनाच्या रुग्णाला लाभदायक नाहीत हे ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांनी त्याच वर्षी सिद्ध केले. पण भयाच्या त्या दिवसांत औषध जवळ असणे हाच आधार होता आणि त्यासाठी मी कोणाला दोष देऊ शकत नाही. संकट सरले तरी पट्ट्या कपाटात उरल्या, आणि उरलेली पट्टी पुढच्या खोकल्याला आपण होऊन वाट दाखवते.

दुसरी प्रक्रिया क्षयरोगाची. येथे दाद न देण्याची विद्या खुद्द रोगाचा जंतूच शिकतो, आणि तिचे गणित रुग्णापुढे मांडण्याइतके सोपे आहे. सुमारे दहा लाख क्षयजंतूंत एखादा आयसोनियाझिडला न भिणारा आणि सुमारे दहा कोटींत एखादा रिफॅम्पिसिनला न भिणारा आपोआपच जन्मलेला असतो, आणि फुप्फुसाला पडलेल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. एकच औषध दिले तर त्याला न भिणारा जंतू तेथे आधीच हजर असतो. दोन्ही एकत्र दिली तर दोहोंना न भिणारा जंतू सापडण्याचा योग एकावर चौदा शून्ये इतक्या जंतूंत एकदा येतो, म्हणजे जवळजवळ येतच नाही. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन ही सहा महिन्यांची योजना या गणितावर उभी आहे. तीतील एक गोळी पोटात जळजळते म्हणून वगळणारा, किंवा दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून सारेच सोडणारा रुग्ण ते गणित नकळत मोडतो.

परंतु हे वर्तन शास्त्राला अज्ञात होते असे नाही. १९५६ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की घरी राहून औषध घेणारा गरीब रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णाइतकाच बरा होतो. हा निष्कर्ष दरिद्री देशांना वरदान ठरला, मात्र तेव्हापासून औषधाचा सारा भरवसा रुग्णाच्या नियमितपणावर आला. त्या केंद्रातील वॉलेस फॉक्स आणि त्यांचे सहकारी अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवीत औषधाचा अंश आहे की नाही ते तपासत, आणि सुशिक्षित असो वा अशिक्षित, बरे वाटू लागलेला मनुष्य गोळ्या चुकवतोच, हे त्यांना दिसून आले. मनुष्यस्वभावाचा हा अंश गृहीत धरून योजना आखावयाची, की तो रुग्णाचा अपराध म्हणून नोंदवावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

आणि नियमितपणाचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूला काय होते? मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतील १०० खाजगी डॉक्टरांकडून क्षयाच्या उपचाराच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या तेव्हा, १९९१ सालच्या त्यांच्या अहवालाप्रमाणे, ८० निरनिराळ्या योजना निघाल्या. दोन दशकांनी झरीर उदवाडिया यांनी त्याच भागात १०६ डॉक्टरांना विचारले, तर केवळ सहा जणांना बरोबर चिठ्ठी लिहिता आली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून २०११ च्या अखेरीस जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण त्यांनी जगापुढे मांडले, तेव्हा त्यांतील बहुतेकांना अनेक डॉक्टरांकडून अनियमित व अपुरी औषधे मिळालेली होती. त्या रुग्णांनी गोळ्या घेतल्या होत्या. ज्या घेतल्या त्याच चुकीच्या होत्या.

वऱ्हाडात गोळ्या चुकण्याची कारणे बहुतांशी ऋतुचक्रात असतात. मेळघाटातील कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर व होळीनंतर कामाच्या शोधात मैदानी मुलखात उतरतात, आमच्याकडील भूमिहीन मजूर पुणे-मुंबईच्या बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर जातो. त्याचे नाव धारणीच्या किंवा बार्शीटाकळीच्या दप्तरात राहते आणि तो स्वतः दीडदोनशे कोसांवर असतो. आठवड्यातून तीनदा औषध देण्याची जुनी पद्धत जाऊन २०१७ पासून रोजच्या एकत्रित गोळीची पद्धत आली, २०१८ च्या एप्रिलपासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले. या सुधारणांचे मोल मी कमी मानीत नाही. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी ज्याला मळमळवते, त्याचे नियमितपण भाकरीवर अवलंबून असते. तरीही गाव सोडतानाच पुढील मुक्कामाचे औषध हातात मिळाल्याखेरीज या स्थलांतरितांचा प्रश्न सुटणार नाही असे माझे मत आहे.

रुग्णाला पाळता येईल अशी योजना आखणे अशक्य नाही याचा दाखला आमच्याच मुलखात आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीला कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले, परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांचे मिशन रुग्णालय आहे, आणि या संस्थांनी जो रोग जवळ केला त्याच्या औषधाचा इतिहास या विषयाशी थेट लागू आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठावर डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर, दिले जात असे. एवढ्या दीर्घ काळात खंड पडणे अटळ होते. १९६४ साली मलेशियात डॅप्सोनला न भिणारे कुष्ठजंतू प्रयोगाने सिद्ध झाले आणि पुढे ते सर्वत्र दिसू लागले. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तीत औषधांबरोबर वर्तनाचाही विचार होता: महिन्याभराच्या गोळ्या दिवसवार मांडलेल्या एका पाकिटात, सर्वांत प्रभावी रिफॅम्पिसिनचा डोस महिन्यातून एकदा कर्मचाऱ्याच्या समोर, आणि जन्मभराच्या ऐवजी ठरलेली मुदत. एरवी ज्यांना समाजाने गावकुसाबाहेर ठेवले त्या रुग्णांनीच हा उपचार पार पाडून दाखवला आणि दाद न देणाऱ्या कुष्ठजंतूंचा प्रश्न आटोक्यात आला. ते रुग्ण काही अधिक शिस्तीचे जन्मले नव्हते. त्यांना पाळता येईल असा नियम कोणीतरी घालून दिला होता.

कायद्याचा विचार थोडक्यात उरकतो. परिशिष्ट ‘एच-१’ हा नियम १ मार्च २०१४ पासून अमलात आला, त्यात आरंभी ४६ औषधे होती व अनेक प्रभावी प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे त्यांत येतात. विक्रेत्याने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावयाची आहे. २०१६ साली लाल रेघेची मोहीम निघाली. हुकूम चांगला आहे, परंतु ज्या फाट्यावर डॉक्टर नाही तेथे चिठ्ठी कोठून यावी याचे उत्तर त्या हुकुमात नाही.

‘कोर्स पुरा करा’ या उपदेशाविषयीही खुलासा केला पाहिजे. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही तज्ज्ञांनी असे मांडले की साध्या संसर्गात ठरलेल्या दिवसांपेक्षा आधी औषध थांबवल्याने जंतू शिरजोर होतात याला पुरावा अपुरा आहे, आणि उलट आवश्यकतेहून अधिक दिवस औषध घेतल्यानेच आतड्यातील वस्ती बिघडते. अनेक दुखण्यांत आता उपचाराचे दिवस कमी झाले आहेत. क्षय आणि कुष्ठ यांना हे लागू नाही. तेथे मुदत म्हणजे मुदत. म्हणून रुग्णाला सांगावयाचे ते इतकेच की प्रतिजैविक आपल्या मनाने सुरू करू नये आणि आपल्या मनाने सोडूही नये. सोडावेसे वाटले तर विचारावे, आणि विचारता येईल असे माणूस जवळ असावे. या शेवटच्या अटीवरच सारे अडते.

कारण या प्रश्नाला दुसरी कडाही आहे, आणि ती मेळघाटात उभे राहून दिसते. तेथे अजूनही मूल न्यूमोनियाने दगावते ते प्रतिजैविकाच्या अतिरेकाने नव्हे, ते वेळेवर न मिळाल्याने. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातील कार्यकर्त्यांच्या आणि दायांच्या हाती साधे कोट्रायमॉक्सॅझोल देऊन बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू कमी केले व तो वृत्तांत १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने मेळघाटात घरोघरच्या बालसेवेची अशीच वाट चोखाळली. या कामातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे श्वास मोजणे. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर औषध, नाहीतर साध्या खोकल्याला कोमट पाणी आणि धीर. ज्या आईने स्वतःच्या डोळ्यांदेखत हे मोजलेले पाहिले ती पुढच्या खेपेस गोळी का दिली नाही म्हणून भांडत नाही. अतिरेक आणि अभाव या दोहोंवर एकच उपाय येथे चालला, आणि तो नोंदवहीपेक्षा अधिक चालला.

संसर्गच न होऊ देणे ही तर सर्वांत स्वस्त काटकसर. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी पिऊन लोक अतिसाराने आजारी पडले व काही दगावले. तेथे रुग्णाच्या वर्तनाची चर्चा करणे क्रूरपणाचे होईल, कारण त्यांच्यापुढे दुसरे पाणी नव्हते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील अकोला-अमरावतीच्या गावांना गोड्या पाण्याची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. बहुतेक हगवणीला मीठ-साखरेचे पाणीच औषध असते, पण ते करावयालाही पाणी निर्मळ लागते. ज्या जिल्ह्याने गाडगेबाबांचा खराटा पाहिला आणि ज्या मोझरीतून ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय असलेली तुकडोजी महाराजांची ग्रामगीता गावोगाव गेली, त्या अमरावती जिल्ह्याला स्वच्छतेचा हा धागा नवा नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली विषमज्वराची नवी संयुग्मित लस मुलांना सार्वजनिक मोहिमेतून टोचली, तसे अकोल्यात आणि अमरावतीत झाले तर ‘रक्तात टायफाईड’ या निदानाचा आणि त्यामागून येणाऱ्या सेफिक्झिमचा पसारा पुष्कळ आवरेल असे मला वाटते.

लोकांचे वर्तन बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी फ्रान्सकडे पाहावे. तेथे प्रतिजैविकांचा खप युरोपात अग्रगण्य होता. २००२ पासून सरकारने चिकाटीने मोहीम चालवली, डॉक्टर, पालक आणि पाळणाघरे यांच्याशी एकाच वेळी बोलणे केले, आणि पाच वर्षांत हिवाळ्यातील प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या सुमारे एकचतुर्थांशाने घटल्या. आमच्याकडे नोव्हेंबरात १८ ते २४ तारखांना जागृतीसप्ताह होतो आणि शहरातील सभागृहांत भाषणे होतात. नोव्हेंबर हा कापूस वेचणीचा महिना आहे. ज्याने ऐकावयाचे तो तेव्हा शेतात असतो.

अकोल्यातच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि अकोल्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. विद्यापीठाच्या शिवारफेरीला वऱ्हाडभरातून शेतकरी येतात, कामगंध सापळ्यापाशी थांबून त्यात पडलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून पाहतात, आणि फवारणी कधी करावी यापेक्षा कधी करू नये हे विचारतात. त्या सापळ्याशेजारी एक मेज मांडून, लाल रेघेची एक पट्टी आणि नॉन-बीटीचे एक पाकीट असे दोन्ही जवळजवळ ठेवून, वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या तरुण डॉक्टरने तेथे दिवसभर बसावे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी एवढेच विचारावे की घरात उरलेल्या गोळ्या कोणत्या आहेत, आणि त्या कशासाठी आणल्या होत्या.